सिगारेट एका दिवसात सोडल्यावर होणारा त्रास : ओळखावा कसा, सोसावा कसा

सिगारेट एकदम बंद केलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात छातीत धडधडते, हात थरथरतात, डोके जड होते, पोटात सारखी पोकळी जाणवते, रात्री झोप लागत नाही आणि घरात कोणाचा आवाज थोडा वर गेला तरी मस्तकात तिडीक जाते. या सगळ्याला तो एकच नाव देतो, तलफ. आणि तलफेवरचा त्याला ठाऊक असलेला उपायही एकच असतो. प्रत्यक्षात यातली धडधड पुष्कळदा कॉफीची असते, पोकळी भुकेची असते, जड डोके अपुऱ्या झोपेचे असते, आणि निकोटीनची खरी ओढ ही या गर्दीतली केवळ एक वाटेकरी असते. कोणता त्रास कशाचा आहे हे ज्याला ओळखता येते, त्याला प्रत्येकावर वेगळा आणि साधा उपाय करता येतो. हा लेख त्या ओळखीसाठी लिहिला आहे.

मी १६ वर्षे सिगारेट ओढली आणि तिसऱ्या प्रयत्नात सोडली. आधीच्या दोन्ही वेळी मी कशाने घसरलो हे मला फार उशिरा उमगले, आणि ते आधी कोणी सांगितले असते तर कित्येक वर्षे वाचली असती असे आजही वाटते.

शरीरात काय चाललेले असते

धुरातून ओढलेले निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना, म्हणजे निकोटीन पकडणाऱ्या जागांना, ते चिकटते, त्यांची संख्या रोजच्या माऱ्यामुळे वाढत जाते, आणि मेंदू त्या वाढीव संख्येवरच आपला कारभार बसवून घेतो. रक्तातले निकोटीन मात्र फार टिकत नाही. साधारण दर दोन तासांनी ते निम्मे होत जाते. रात्रभर झोप झाल्यावर सकाळची पहिली सिगारेट सर्वांत हवीशी वाटते ती यामुळेच, कारण सात-आठ तासांत साठा तळाला गेलेला असतो आणि त्या सिगारेटमधून मिळणारे सुख म्हणजे मुख्यतः ही उणीव भरून निघाल्याचा दिलासा असतो.

सिगारेट पूर्ण बंद केली की दोन-तीन दिवसांत निकोटीन शरीरातून जवळजवळ निघून जाते. वाढलेले रिसेप्टर मात्र इतक्या लवकर कमी होत नाहीत; ते धूम्रपान न करणाऱ्याच्या पातळीवर यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. निकोटीन गेले आहे आणि त्याची वाट पाहणारे अजून तेथेच आहेत, हा मधला काळ म्हणजेच डॉक्टर ज्याला विथड्रॉवल म्हणतात तो त्रास. तो शेवटच्या सिगारेटनंतर ४ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेली भूक त्याहून बराच जास्त काळ राहते. दारूचे जुने व्यसन अचानक तोडणे जिवावर बेतू शकते; निकोटीनचे तसे नाही. त्रास खरा असतो, कधी कधी असह्य वाटतो, पण निकोटीन न मिळाल्यामुळे निरोगी माणसाच्या जिवाला धोका होत नाही, हे मनाशी पक्के धरावे.

हळूहळू कमी करावे की एकदम सोडावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. २०१६ साली ब्रिटनमधील ६९७ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी सुमारे ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतरही टिकून होते, तर दोन आठवडे प्रमाण घटवत नेऊन सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के टिकले होते. एकदम सोडण्याच्या बाजूने हा पुरावा चांगला आहे. मात्र त्या दोन्ही गटांना त्वचेवर चिकटवायचे निकोटीनचे पॅच वगैरे साहाय्य आणि समुपदेशन मिळत होते, हे सांगितल्यावाचून तो आकडा पुढे करणे प्रामाणिकपणाचे नाही. कसल्याही मदतीविना सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, आणि घसरणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच घसरतात. म्हणून या पहिल्या आठ दिवसांची तयारी सर्वांत कसून करावी, आणि औषधाची मदत घ्यावीशी वाटली तर त्यात कमीपणा मानू नये.

आदल्या दिवशीची तयारी

दिवस असा निवडावा की त्यानंतरचे तीन दिवस कामाचा मोठा ताण, प्रवास किंवा समारंभ नसेल. मात्र सर्वस्वी मोकळे, बसून काढायचे दिवसही निवडू नयेत. रिकामा दिवस तलफेला फार मोठा वाटतो.

आदल्या रात्री घर, कपडे, बॅग, गाडी आणि कामाचे टेबल यांतील सिगारेटी, लायटर, काडेपेट्या आणि राखपात्रे बाहेर काढावीत. सिगारेटी कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यांच्यावर पाणी ओतावे. हे किरकोळ वाटेल, पण कोरडे फेकलेले पाकीट मध्यरात्री कचऱ्याच्या डब्यातून परत काढणारे लोक कमी नाहीत. ‘अगदीच गरज पडली तर’ म्हणून एक सिगारेट राखून ठेवणे म्हणजे ती ओढण्याची वेळ आधीच ठरवून ठेवणे होय.

त्याच रात्री कागदावर दिवसभरातल्या आपल्या सिगारेटींची जागा आणि वेळ लिहून काढावी : उठल्यावर, जेवणानंतर, फोनवर बोलताना, काम संपल्यावर, कोणाशी वाद झाल्यावर. प्रत्येकीपुढे त्या वेळी काय करायचे हे लिहावे. ‘स्वतःला आवरेन’ हे उत्तर चालणार नाही. ‘जेवण झाले की लगेच उठून दात घासेन आणि दहा मिनिटे चालून येईन’ असे, हातापायांना कळेल असे उत्तर हवे.

घरातल्या आणि कामावरच्या एक-दोन माणसांना स्पष्ट सांगून ठेवावे की पुढचे दोन आठवडे माझा आवाज चढेल, तो तुमच्यावर नसेल, आणि कितीही चिडलो तरी ‘याच्यापेक्षा तू ओढत होतास तेच बरे होते’ हे वाक्य तेवढे बोलू नका. हे वाक्य प्रेमाने, वैतागून, सहज बोलले जाते, आणि ऐकणाऱ्याला ते परवानगीसारखे ऐकू येते.

तलफ आली की

तलफ सतत एकाच जोराने चालू नसते. ती उसळते, काही वेळ ठाम उभी राहते आणि बसते. तिचा कळस साधारण तीन ते पाच मिनिटांचा असतो. अडचण अशी की सिगारेट सोडलेल्या माणसाला काळ प्रत्यक्षापेक्षा लांब वाटतो, हे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. त्यामुळे पाच मिनिटांची तलफ अर्ध्या तासाची भासते आणि ‘ही आता जाणार नाही’ असे वाटू लागते. यावरचा माझा सर्वांत भरवशाचा उपाय घड्याळ हाच आहे. तलफ सुरू झाली की वेळ पाहावी आणि कागदावर लिहावी. बसली की पुन्हा लिहावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कामाच्या टेबलाशी बसलो होतो आणि माझा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. पाकीट तेथे नव्हते. बोटे रिकाम्या खिशाच्या शिवणीवरून दोनदा फिरली आणि मग सगळे अंग एकदम कासावीस झाले. मी चार वाजून सात मिनिटे अशी वेळ लिहिली, उठलो, जिना उतरून खाली गेलो आणि पुन्हा वर चढून आलो. चार वाजून बारा मिनिटांनी मी परत टेबलाशी बसलो होतो आणि समोरच्या कामातली चूक शोधत होतो. त्या कागदावर आठवडाभरात अशा ४० नोंदी झाल्या. एकही नोंद सात मिनिटांच्या पुढे गेली नव्हती. पुढच्या तलफेच्या वेळी या लेखी पुराव्याने मला जितका धीर दिला, तितका कोणाच्या उपदेशाने दिला नाही.

त्या पाच मिनिटांत सर्वप्रथम जागा बदलावी. ज्या खुर्चीत, ज्या खिडकीत तलफ उठली तेथेच बसून तिच्याशी झगडू नये. शक्य असेल तर भरभर चालावे. दहा मिनिटांच्या चालण्याने तलफेचा जोर लक्षात येण्याइतका उतरतो. चालणे शक्य नसेल तर नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि ओठ किंचित मिटून त्याहून सावकाश सोडावा, असे दहा वेळा करावे. सिगारेट ओढणारा माणूस दिवसातून शेकडो वेळा असा खोल श्वास घेत असतो, आणि ज्याला तो सिगारेटने आलेला निवांतपणा म्हणतो त्यातला काही भाग या श्वासाचा असतो. हातात पेन्सिल, रबराचा चेंडू, काहीही धरावे. थंड पाणी घोटाघोटाने प्यावे. यात चमत्कार कशातच नाही. पाच मिनिटे हात, तोंड आणि पाय गुंतवून ठेवणे एवढेच काम आहे.

कॉफीचे प्रमाण निम्मे करावे

ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते आणि तिच्यावाचून अनेकांची सिगारेट परत सुरू होते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. सिगारेटच्या धुरातील हायड्रोकार्बन द्रव्यांमुळे यकृतातील एक एन्झाइम जास्त काम करू लागते, आणि हेच एन्झाइम कॅफिनचा निचरा करते. त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जाते आणि त्याला दिवसभरात जास्त कॉफी किंवा चहा लागतो व पचतो. धूर बंद झाला की काही दिवसांतच एन्झाइमचे काम मंदावते. कप तेवढेच राहिले तरी रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मग हात थरथरतात, छाती धडधडते, बेचैनी वाढते, झोप उडते. ही लक्षणे निकोटीन तुटल्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की दोन्हींत फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते.

माझा पहिला प्रयत्न यातच बुडाला. सिगारेट नाही म्हणून मी हाताला चाळा हवा या विचाराने कॉफी वाढवली होती. सलग चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पाचव्या रात्री तीन वाजता मी ‘निदान झोप तरी येईल’ म्हणून सिगारेट शोधायला घराबाहेर पडलो.

म्हणून सोडल्याच्या दिवसापासून कॉफी आणि चहा निम्म्यावर आणावे आणि दुपारनंतर घेऊ नये. दोन्ही एकदम बंद मात्र करू नये, कारण कॅफिन तुटल्यावर होणारी डोकेदुखी आणि मरगळ यांची भर याच आठवड्यात पडणे परवडत नाही.

याच कारणामुळे काही औषधांची रक्तातली पातळीही धूर बंद झाल्यावर बदलते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफिलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधे घेणाऱ्यांनी सोडण्याचा दिवस ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे वॉरफरिन किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनीही तसेच करावे. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

झोप, भूक आणि शरीराच्या इतर कुरबुरी

पहिल्या दोन आठवड्यांत झोप तुटक होते आणि स्वप्ने ठळक पडतात. त्यांत सिगारेट ओढल्याचे स्वप्न हमखास असते. त्यात माणूस ओढतो, मग त्याला अपराधी वाटते, जाग येते आणि क्षणभर आपण खरोखरच ओढली की काय असे वाटून काळजात धस्स होते. हे वाईट लक्षण नाही. सोडलेल्या अनेकांना ते महिनोन्महिने पडते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दिवसा लांब झोप काढू नये, आणि रात्री अर्ध्या तासात झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद प्रकाशात काहीतरी वाचावे. झोप न झालेल्या दिवशी तलफ जास्त जोरात येते, हे गृहीत धरून तो दिवस हलका ठेवावा.

निकोटीन भूक मारते आणि शरीराची ऊर्जा थोडी जास्त खर्च करवते. ते थांबले की भूक वाढते, चवी परत येतात, आणि पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. काहींचे अजिबात वाढत नाही, काहींचे जास्त वाढते. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या महिन्यात वजन कमी करण्याचा प्रयत्नच करू नये. उपाशी पोटाची घालमेल आणि तलफ यांचे सूर इतके जवळचे आहेत की डाएटवर असलेला माणूस दिवसभर दोन आघाड्यांवर लढतो. जेवण वेळेवर घ्यावे, मधल्या वेळेसाठी फळे किंवा चावून खाण्याजोगे काही जवळ ठेवावे, आणि तलफ वाटली की आधी स्वतःला विचारावे, शेवटचे कधी खाल्ले? तीन-चार तास उलटले असतील तर आधी खाऊन पाहावे.

खोकला काहींचा सोडल्यावर वाढतो, कारण श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांसारखे तंतू पुन्हा काम करू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. तो काही आठवड्यांत कमी होतो. खोकल्यातून रक्त पडले किंवा धाप वाढली तर मात्र वाट न पाहता तपासून घ्यावे. अनेकांचे तोंड येते आणि पोट साफ होत नाही. पाणी, तंतुमय आहार आणि चालणे यांनी बहुतेकांना पुरते.

चिडचिड आणि उदासी

चिडचिड हे लक्षण आहे, स्वभाव नव्हे. निकोटीन तुटल्यावर ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाला जाते. या काळात महत्त्वाचे निर्णय, जुनी भांडणे आणि लांब पत्रांची उत्तरे पुढे ढकलावीत. लक्ष लागत नाही म्हणून कामाचे तुकडे लहान करावेत. वीस-पंचवीस मिनिटे काम आणि मग उठून पाच मिनिटांची फेरी, अशी घडी मला पहिले दहा दिवस उपयोगी पडली.

उदासीबद्दल जपून लिहिले पाहिजे. ‘सिगारेटनेच माझे मन ताळ्यावर राहते’ ही समजूत खोलवर रुजलेली असते, कारण प्रत्येक सिगारेटनंतर खरोखर बरे वाटलेले असते. ते बरे वाटणे आधीच्या सिगारेटपासून साठत आलेल्या त्रासातून सुटल्याचे असते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा, सोडून किमान सहा आठवडे झालेल्या लोकांत चिंता, उदासी आणि ताण पूर्वीपेक्षा कमी आढळला, आणि हे मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही खरे ठरले. तरीही पहिले काही आठवडे मन खाली जाऊ शकते. ज्यांना पूर्वी नैराश्य आले आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे. उदासी दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. येथे सोसत राहणे हे धैर्याचे काम मुळीच नाही.

दुसऱ्या आठवड्यानंतरचा धोका

दुसरा आठवडा संपत आला की शरीराचा त्रास बराच निवळतो आणि माणूस सावधपणा सोडतो. आता उरतात त्या जागा. मेंदूने प्रत्येक प्रसंगाची सिगारेटशी स्वतंत्र गाठ बांधलेली असते, आणि प्रत्येक गाठ त्या प्रसंगातून एकदा, दोनदा, दहादा न ओढता पार पडल्यावरच सैल होते. रोजचे प्रसंग लवकर सुटतात. वर्षातून एकदा येणारे, म्हणजे लांबचा प्रवास, लग्नसमारंभ, जवळच्या माणसाचा मृत्यू, हे प्रसंग शेवटी उरतात, आणि त्यांत सहा महिन्यांनीही पहिल्या दिवसासारखी तलफ उठू शकते. याने घाबरून जाऊ नये. ती एका न सुटलेल्या गाठीची तलफ असते.

दारूचा उल्लेख वेगळा केला पाहिजे. तिने संयम ढिला होतो आणि सिगारेटशी तिची गाठ बहुतेकांच्या बाबतीत फार जुनी असते. पहिला महिनाभर ती टाळावी, आणि ओढणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात पिणे तर नक्कीच टाळावे.

माझा दुसरा प्रयत्न १९ व्या दिवशी मोडला. त्या दिवशी मला कसलाही त्रास नव्हता. मित्रांमध्ये आनंदात बसलो होतो, आणि ‘आता तर सुटलीच आहे, एकीने काय होते’ असे वाटले. ती सिगारेट कडवट लागली, चक्कर आली, आणि आपल्याला आता आवडत नाही याचा आनंदही झाला. दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, आणि नवव्या दिवशी मी पाकीट विकत घेतले. एकही झुरका नाही, या नियमाला मी तेव्हापासून अपवाद ठेवलेला नाही. हा नियम इतका ताठर का, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की ‘एक ओढू की नको’ हा वाद दिवसातून वीस वेळा मनात घालण्यापेक्षा तो एकदाच निकालात काढणे कितीतरी कमी थकवणारे आहे.

आणि तरीही एखादी ओढली गेलीच, तर हातातली त्याच क्षणी विझवावी, उरलेल्या भिजवाव्यात आणि ज्याला सांगून ठेवले होते त्या माणसाला लगेच फोन करावा. ‘आता मोडलेच आहे तर आजचा दिवस ओढू आणि उद्यापासून’ हा विचार एका सिगारेटपेक्षा जास्त नुकसान करतो. कोठे, कोणाबरोबर, किती झोप झालेली असताना ती ओढली, हे कागदावर लिहून ठेवावे. वारंवार असे होत असेल तर डॉक्टरांशी पॅच, निकोटीनची च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या यांबद्दल बोलावे. एकदम सोडण्याचा संकल्प आणि औषध यांत विरोध नाही. धूर एका दिवसात बंद होतो, निकोटीनची उणीव तेवढी हळूहळू भरत जाते.

सोडून आठ महिने झाल्यावर मला एका जुन्या जाकिटाच्या आतल्या खिशात अर्धे पाकीट सापडले. तपासणीत ते जाकीट राहून गेले होते. पाकीट हातात आले तेव्हा घरात कोणी नव्हते, आणि बोटांना त्याचे झाकण उघडण्याची पद्धत अजून तोंडपाठ होती. मी ते तसेच नळाखाली धरले, कागद उसवून तंबाखू मोरीत उतरेपर्यंत पाणी सोडले, आणि मग सवयीने घड्याळ पाहिले. तीन मिनिटे झाली होती.